निवडणुकीत मामांची फौजेतली नोकरी सिद्ध करताना

२०२४ च्या विधानसभेला माझे मामा अपक्ष उभे होते. पडले, अनामतही गेली. त्याचं दुःख आता कुणाला नाही. पण त्या महिन्याभरात त्यांच्या चोवीस वर्षांच्या फौजेतल्या नोकरीवर एकामागून एक आरोप झाले. त्यांना उत्तर द्यायला कोणता कागद लागतो, तो कुठं मिळतो आणि कुठल्या दारात जाऊन उपयोग नसतो, हे सांगणारं आम्हाला कुणी भेटलं नाही. आमच्या भागात माजी सैनिक निवडणुकीला उभे राहणं नवं नाही. ग्रामपंचायतीपासून वरपर्यंत दर वेळी कुणीतरी असतोच, म्हणून हे लिहून ठेवते. मतदारसंघ आणि माणसांची नावं मुद्दाम गाळली आहेत.

आधी मामांबद्दल थोडं. ते १९८३ मध्ये इन्फंट्रीत शिपाई म्हणून भरती झाले आणि फेब्रुवारी २००७ मध्ये हवालदार म्हणून पेन्शनवर आले. त्याच वर्षी १५ ऑगस्टला त्यांना मानद नायब सुभेदार हा हुद्दा मिळाला. नायब सुभेदार म्हणजे हवालदाराच्या वर आणि सुभेदाराच्या खाली. चांगली नोकरी केलेल्या काही हवालदारांना निवृत्त झाल्यावर असा मानद हुद्दा देतात. गावाला एवढा तपशील कोण सांगणार? गावासाठी ते तेव्हापासून 'सुभेदार'.

मी पुण्यात एका कंपनीत हिशेबाचं काम करते. मामांनी मला निवडणूक प्रतिनिधी नेमलं ते त्यासाठीच. खर्चाची वही लिहायला विश्वासाचं माणूस हवं होतं. मी दिवाळीला जोडून रजा टाकली. वाटलं होतं, दिवसा वही लिहायची आणि संध्याकाळी मामीच्या हातचा फराळ खायचा.

अधिसूचना २२ ऑक्टोबरला निघाली. अर्जाची शेवटची तारीख होती २९, दुपारी तीनपर्यंत. अपक्षाला दहा सूचक लागतात आणि ते त्याच मतदारसंघातले मतदार असावे लागतात. अनामत दहा हजार, अनुसूचित जाती-जमातींना पाच. सोबत फॉर्म २६ चं शपथपत्र. त्यासाठी वकिलांनी पाचशेचा स्टॅम्प पेपर आणायला सांगितलं, कारण १६ ऑक्टोबरपासून शंभरचा बंद झाला होता. नोटरीचे वेगळे.

फॉर्म २६ भरताना माझ्या लक्षात आलं की त्यात मालमत्ता, कर्ज, गुन्हे, शिक्षण, व्यवसाय, सगळं विचारतात, पण सैन्यसेवेसाठी रकानाच नाही. माणूस फौजेत होता की नव्हता, कुठं होता, काय मिळवलं, हे निवडणूक आयोग विचारत नाही. आम्ही व्यवसायाच्या रकान्यात 'निवृत्त मानद नायब सुभेदार, पेन्शनधारक' लिहिलं. उमेदवारी अर्जात, म्हणजे फॉर्म २बी मध्ये, मात्र एक प्रश्न असतो: सरकारी पदावर असताना भ्रष्टाचार किंवा देशाशी निष्ठा न राखल्याबद्दल बडतर्फ झाला होतात का? तिथं 'नाही' लिहून आम्ही पुढं गेलो. नंतर सगळा खेळ त्या 'नाही'भोवती फिरला.

अर्ज भरला त्या दिवशी, २९ ला, धनत्रयोदशी होती. मंडळाच्या पोरांनी हौसेनं चौकात फ्लेक्स लावला. मामांचा वर्दीतला जुना फोटो, मागं बर्फाचे डोंगर आणि खाली 'कारगिल योद्धा सुभेदार'. मामा अर्ज भरून परत येताना जीपमधूनच ओरडले, "काढा ते. मी कारगिलला नव्हतो." पोरांचं म्हणणं, नुसतं माजी सैनिक लिहिलं तर ढुंकून कोण बघतंय. तासाभरात फ्लेक्स उतरवला, पण तोवर त्याचा फोटो तालुक्यातल्या सगळ्या ग्रुपवर फिरला होता.

दोन गोष्टी त्या फ्लेक्सनं आयत्या दिल्या. प्रचारात सैनिकांचे फोटो वापरू नका, अशी आयोगाची सूचना २०१३ पासून आहे, ती २०१९ मध्ये पुन्हा काढली होती. त्यामुळे आचारसंहिता कक्षातून फोन आला. उमेदवाराचा स्वतःचा फोटो असला तरी वर्दीतला नको, असं आम्हाला सांगण्यात आलं आणि आम्ही वाद घातला नाही. फेट्यातला फोटो वापरला. दुसरी गोष्ट म्हणजे 'कारगिल' हा शब्द. तो काही उतरवता येईना.

३० ऑक्टोबरला छाननी. आत उमेदवार, निवडणूक प्रतिनिधी, एक सूचक आणि आणखी एक माणूस एवढ्यांनाच सोडतात. आम्ही वकिलांना चौथा माणूस म्हणून नेलं आणि ते बरं झालं. आमचा नंबर आल्यावर दुसऱ्या एका उमेदवाराच्या वकिलांनी लेखी हरकत दिली: या उमेदवाराला सैन्यातून बडतर्फ केल्याची माहिती आहे, सबब लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ३३(३) प्रमाणे निवडणूक आयोगाचं प्रमाणपत्र जोडलेलं नसल्याने अर्ज फेटाळावा.

माझ्या पोटात गोळा आला. तेज बहादूर यादवांची गोष्ट मला वरवर माहीत होती. सीमा सुरक्षा दलातून बडतर्फ झालेले हे जवान २०१९ ला वाराणसीतून उभे राहिले होते आणि नेमकं हेच प्रमाणपत्र नाही म्हणून त्यांचा अर्ज बाद झाला होता. नंतर ते सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, तिथंही २०२० मध्ये याचिका फेटाळली गेली. आमच्या वकिलांनी मला हळूच सांगितलं की ते प्रमाणपत्र बडतर्फीला पाच वर्षं पूर्ण झालेली नसतील तरच लागतं. मामा निवृत्त झाले २००७ ला. म्हणजे हरकत खरी धरली तरी ती २०१२ लाच संपली. आणि मुळात ते बडतर्फ नव्हतेच.

निवडणूक निर्णय अधिकारी शांत होते. हरकत खोडून काढायला उमेदवाराला वेळ देता येतो, जास्तीत जास्त छाननीनंतर दोन दिवसांपर्यंत. त्यांनी आम्हाला दुसऱ्या दिवशी सकाळी अकराची वेळ दिली आणि डिस्चार्ज बुक आणायला सांगितलं.

दुसरा दिवस नरक चतुर्दशीचा. रात्रभर मामांची काळी ट्रंक उपसली. डिस्चार्ज बुक सापडलं ते ट्रंकेत नाही, मामीच्या कपाटात, एलआयसीच्या पॉलिसीत. मामी म्हणाली, "महत्त्वाचे कागद ट्रंकेत ठेवत्यात व्हय?" पहाटेची पहिली आंघोळ कशीबशी उरकून आम्ही प्रांत कार्यालयात हजर.

डिस्चार्ज बुक ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. पासपोर्टसारखी लहान वही असते. भरतीची तारीख, सुटल्याची तारीख, हुद्दा, शिक्षण, पदकं, वर्तणुकीचा शेरा आणि नोकरीतून सोडण्याचं कारण, सगळं त्यात. शेवटची नोंद सगळ्यात महत्त्वाची. मामांच्या वहीत भरतीच्या अटी पूर्ण झाल्याने सोडलं, असं होतं आणि शेजारी आर्मी रूल १३(३) मधला क्रमांक. बडतर्फ केलेल्या माणसाच्या नोंदीत हे येत नाही. वर्तणूक 'अनुकरणीय'. अधिकाऱ्यांनी दोनदा वाचलं, नक्कल ठेवून घेतली, हरकत फेटाळली आणि अर्ज वैध ठरवला. या आदेशाची प्रत तिथंच मागून घ्या. आमच्या वकिलांनी मागितली म्हणून मिळाली, आणि पुढं तीच सगळ्यात जास्त उपयोगी पडली.

संपलं असं वाटून आम्ही बाहेर येऊन चहा घेतला. पण हरकत घेणाऱ्यांना ती वही बघायचा हक्क होता आणि तिची पानं त्यांच्या मोबाइलमध्ये गेली होती. पाडव्याच्या सकाळी पहिला मेसेज आला. वहीच्या पानाचा फोटो, हुद्द्याभोवती लाल गोल: 'हा तर हवालदार! शपथपत्रात सुभेदार लिहून जनतेची फसवणूक.' भाऊबीजेला दुसरा. त्यात पदकांच्या नोंदीवर गोल: 'कारगिलचा स्टार कुठं आहे?' एका आरोपाला उत्तर देणारा कागदच पुढच्या दोन आरोपांचा पुरावा झाला.

आणि दोन्हींत तथ्य नव्हतं असंही म्हणता येत नाही, हेच त्यातलं अवघड.

हुद्द्याचं सोपं होतं, पण पटवून द्यायला कठीण. डिस्चार्ज बुक निवृत्तीच्या दिवशी हातात मिळतं. मानद हुद्दा आला त्यानंतर सहा महिन्यांनी. मग तो वहीत असणार कसा? त्याचं पत्र सैनिकांचे सेवा कागद सांभाळणाऱ्या रेकॉर्ड ऑफिसकडून आलं होतं, ते घराचं छप्पर बदललं तेव्हा कुठं गेलं कुणास ठाऊक. माझा मावसभाऊ तेव्हा अमेरिकेच्या बातम्या फार बघायचा. त्यानं आठवण काढली की ऑगस्टमध्येच तिकडे उपाध्यक्षपदाचे उमेदवार टिम वॉल्झ यांच्यावर असाच वाद झाला होता. चोवीस वर्षं नॅशनल गार्डमध्ये काढलेला माणूस. कमांड सार्जंट मेजरच्या पदावर काम केलेलं, पण त्या हुद्द्याचा अभ्यासक्रम पूर्ण नसल्याने निवृत्तीच्या कागदावर एक पायरी खाली मास्टर सार्जंट. त्यांच्या प्रचाराच्या वेबसाइटवरचा मजकूरही बदलावा लागला. मामा म्हणाले, "तिकडंपण चोवीस वर्षंच का?" आणि हसले. त्या आठवड्यात ते हसलेले मला तेवढेच आठवतात.

हुद्द्याचा कागद शेवटी घरबसल्या मिळाला. पेन्शनच्या 'स्पर्श' पोर्टलवर मामांच्या नावाने लॉगिन केलं, त्यांच्या मोबाइलवर ओटीपी आला आणि पीपीओची, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या आदेशाची, प्रत उतरवून घेतली. तिच्यावर मानद नायब सुभेदार असा हुद्दा स्पष्ट होता, कारण सहाव्या वेतन आयोगापासून मानद नायब सुभेदारांना पेन्शन नायब सुभेदाराची मिळते आणि त्यासाठी पीपीओ सुधारलेला असतो. खर्च शून्य. हे आधी सुचलं असतं तर भाऊबीज सुखाची गेली असती. दुसरा कागद ४ नोव्हेंबरला, सोमवारी, कार्यालयं उघडल्यावर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून आणला: माजी सैनिक म्हणून नोंद असल्याचा दाखला, हुद्द्यासह. तिथले साहेब स्वतः माजी अधिकारी होते. त्यांनी ऐकून घेतलं आणि एकच सल्ला दिला: "कुठंही नुसतं सुभेदार लिहू नका. मानद नायब सुभेदार, आणि नावापुढं निवृत्त. चारचौघांना लांबलचक वाटलं तरी चालेल."

तो दिवस अर्ज माघारीचाही शेवटचा होता, तीन वाजेपर्यंत. सकाळपासून फोन. काही प्रेमाचे, काही नव्हे. "इज्जत जाण्यापेक्षा माघार घ्या" असं बोलणाऱ्यांत आमचे दोन नातेवाईकही होते. मामीलाही माघारच हवी होती. ती म्हणाली, चोवीस वर्षं मी एकटीनं घर सांभाळलं, ते काय आता रस्त्यावर तुमची वही दाखवायला? मामा काही बोलले नाहीत. तीन वाजून गेल्यावर म्हणाले, "आता माघार घेतली असती तर ते खरं झालं असतं."

राहिलं कारगिल. १९९९ च्या त्या उन्हाळ्यासाठी दोन वेगळी पदकं आहेत. कारगिल, द्रास, बटालिक, मश्को या भागात जे प्रत्यक्ष लढले त्यांना 'ऑपरेशन विजय स्टार'. त्याच मोहिमेसाठी सीमेवर इतरत्र जे तैनात होते त्यांना 'ऑपरेशन विजय मेडल'. मामांची बटालियन तेव्हा राजस्थानच्या सरहद्दीवर होती. युद्ध पसरलं तर पहिला मार तिथं बसेल म्हणून महिनोन्‌महिने वाळूत बंकर खणून बसलेली. मामांकडे मेडल आहे, स्टार नाही. म्हणजे ते कारगिलच्या मोहिमेत होते हे खरं आणि कारगिलला नव्हते हेही खरं. व्हॉट्सअ‍ॅपवर असलं वाक्य चालत नाही.

कार्यकर्त्यांची बैठक झाली. एकाचं मत, 'ऑपरेशन विजय' एवढंच छापू, लोक काय समजायचं ते समजतील. खोटं तर नाही. मला ते क्षणभर पटलंही होतं. मामांनी नकार दिला. "माझ्या कोर्सची दोन पोरं तिकडं गेली ती आली नाहीत. त्यांच्या टेकडीवर मी कसा चढू?" त्यावर कुणी काही बोललं नाही.

मग आम्ही पत्रक काढलं. मजकूर मी लिहिला, मामांनी चार वेळा खोडला. शेवटी राहिलं ते असं: 'भरती १९८३. निवृत्ती २००७, हवालदार. मानद नायब सुभेदार, ऑगस्ट २००७. १९९९ मध्ये ऑपरेशन विजयदरम्यान राजस्थान सीमेवर तैनात. कारगिलच्या प्रत्यक्ष लढाईत सहभाग नाही. मूळ कागद घरी पाहायला मिळतील.' खाली मुद्रकाचं आणि प्रकाशकाचं नाव, प्रतींची संख्या. दोन हजार प्रतींना छपाईचे अडीच हजार लागले आणि ते वहीत चढवले. उमेदवाराने केलेला खुलासा हासुद्धा प्रचाराचाच खर्च धरतात, हे ध्यानात ठेवा.

'सहभाग नाही' हे वाक्य छापायला पोरांचा कडाडून विरोध होता. मला वाटतं, पत्रकातलं तेच एक वाक्य लोकांनी वाचलं. पारावर बसणारे म्हातारे पेन्शनर, त्यांत आमचे विरोधकही, त्यानंतर मामांच्या बाजूने बोलायला लागले. मतं किती फिरली ते विचारू नका, फार नाही फिरली.

तक्रारी कुठं कराव्यात, यात आमचा बराच वेळ वाया गेला. निवडणूक आयोगाचं तक्रारींसाठीचं सी-व्हिजिल अ‍ॅप आधी उघडलं. शंभर मिनिटांत कारवाई म्हणतात, आणि पैसे वाटप वगैरे समोर दिसत असेल तर ते कामाचं आहे. पण त्यात फोटो किंवा व्हिडिओ तिथल्या तिथं काढावा लागतो, गॅलरीतला स्क्रीनशॉट चढवता येत नाही. व्हॉट्सअ‍ॅपच्या मेसेजला त्याचा उपयोग शून्य. मग पोलीस ठाणं. निवडणुकीत उमेदवाराबद्दल खोटं विधान करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम १७५ खाली गुन्हा आहे, पण शिक्षा फक्त दंडाची आणि गुन्हा अदखलपात्र. ठाणे अंमलदारांनी एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, लिहून घेतली, प्रत दिली आणि कोर्टात जा म्हणाले. ते चूक बोलले नाहीत. अदखलपात्र गुन्ह्यात मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही. मॅजिस्ट्रेटकडे तारीख मिळेपर्यंत मतमोजणी होऊन गेली असती.

प्रचाराच्या शेवटच्या आठवड्यात एका पहाटे घराघरांच्या उंबऱ्यावर पत्रकं पडलेली दिसली: 'सैन्यातून हाकललेल्याला मत देणार का?' ज्या आरोपावर अधिकाऱ्यांनी लेखी निकाल दिला होता तोच परत. मी निकालाची प्रत घेऊन आचारसंहिता कक्षात गेले आणि हे खोटं कसं ते सांगायला लागले. तिथल्या एका लिपिकाने मला मधेच थांबवलं. म्हणाले, ताई, खरं-खोटं ठरवायला आम्हाला वेळ नाही, पण यावर छापणाऱ्याचं नाव कुठंय? पत्रक पालथं करून बघितलं. नव्हतं. लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १२७अ: मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता नसलेलं निवडणूक पत्रक छापणं हाच गुन्हा, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड. मजकूर खरा की खोटा हा प्रश्नच येत नाही. तक्रारीत चार ओळी पुरल्या. त्याच दुपारी भरारी पथक दोन छापखान्यांत जाऊन आलं. कुणी सापडलं नाही, पण पत्रकं परत पडली नाहीत. निनावी पत्रकाला उत्तर द्यायचं असेल तर मजकुराशी झटापट करण्याआधी कागदाचा तळ बघा.

२० नोव्हेंबरला मतदान झालं आणि २३ ला निकाल. वैध मतांच्या एक षष्ठांशापेक्षा कमी पडली की अनामत जाते. आमची गेली.

यानंतरही काम उरलं होतं. निकालापासून ३० दिवसांत खर्चाचा हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्यांकडे द्यावा लागतो. पडलेल्यांनीसुद्धा. दिला नाही तर आयोग तीन वर्षांसाठी अपात्र ठरवू शकतो. पडलेले अपक्ष इथंच ढिले पडतात. माझी वही तयार होती, त्यामुळे हे झटकन झालं.

निवडणूक याचिकेचा विचारही केला. उमेदवाराच्या वैयक्तिक चारित्र्याबद्दल जाणूनबुजून खोटं पसरवणं हे कलम १२३(४) खाली भ्रष्ट आचरण ठरतं. मुदत निकालापासून ४५ दिवस, म्हणजे ७ जानेवारी २०२५. याचिका उच्च न्यायालयात, सुरक्षा ठेव दोन हजार. वकिलांनी स्पष्ट सांगितलं: ठेव दोन हजार, बाकीचा खर्च विचारू नका. शिवाय जिंकलेल्या उमेदवाराने किंवा त्याच्या संमतीने हे झालं, हे सिद्ध करावं लागेल. आमच्यावर चिखलफेक करणारा स्वतःच पडला होता. मामांनी विषय मिटवला.

रेकॉर्ड ऑफिसला मात्र पत्र लिहिलंच. इथं पुष्कळांचा घोटाळा होतो. जवान आणि जेसीओ (नायब सुभेदार ते सुभेदार मेजर) यांचे कागद दिल्लीत नसतात, ते ज्या त्या रेजिमेंटच्या किंवा कोरच्या रेकॉर्ड ऑफिसात असतात: मराठा लाइट इन्फंट्रीचे बेळगावला, महार रेजिमेंटचे सागरला, तोफखान्याचे नाशिक रोडला, बॉम्बे इंजिनिअर ग्रुपचे खडकीला. अधिकाऱ्यांचे तेवढे दिल्लीला. स्वतःचा कागद हवा असेल तर आरटीआयची गरज नसते. आर्मी नंबर, पीपीओची आणि आधारची नक्कल जोडून साधा अर्ज स्पीड पोस्टाने पाठवायचा. आम्ही मतदानाच्या आधी पाठवला होता, उत्तर आलं डिसेंबर सरता सरता. दोन पानी पत्र: भरती, निवृत्ती, मानद हुद्दा आणि त्याचा आदेश, पदकं, वर्तणूक. हे एक पत्र ऑक्टोबरमध्ये हातात असतं तर निम्मी दगदग वाचली असती. निवडणुकीचं वेळापत्रक साधारण महिन्याचं असतं आणि सरकारी टपालाला तेवढा वेळ सहज लागतो. ज्यांना उभं राहायचंय त्यांनी अधिसूचनेची वाट न बघता आधीच अर्ज टाकावा. आणखी एक. पेन्शन न घेता लवकर सुटून आलेल्यांचे सेवा कागद २५ वर्षांनी नष्ट करतात, मागं फक्त लाँग रोल नावाच्या कायमच्या नोंदवहीतली नोंद उरते. अशा माजी सैनिकाने डिस्चार्ज बुक जिवापाड जपावं, दुसरं काही मिळेलच असं नाही.

जानेवारीत रेकॉर्ड ऑफिसचं आणखी एक पत्र आलं, ते आम्ही मागवलेलं नव्हतं. मामांच्या सेवेची माहिती कुणीतरी आरटीआयखाली मागितली होती आणि त्रयस्थ पक्ष म्हणून कलम ११ खाली मामांचं म्हणणं विचारलं होतं. दहा दिवसांची मुदत. सीमा सुरक्षा दलासारखी निमलष्करी दलं माहिती अधिकारातून बरीचशी वगळलेली आहेत, सैन्यदल नाही, त्यामुळे अर्ज कुणीही करू शकतो. मिळेलच असं नाही. २०१२ च्या गिरीश देशपांडे निकालात सर्वोच्च न्यायालयाने कर्मचाऱ्याचे सेवेतले तपशील वैयक्तिक माहितीत धरले, व्यापक जनहित दाखवल्याशिवाय ते देत नाहीत. आता तर नोव्हेंबर २०२५ पासून कलम ८(१)(ञ) बदलून वैयक्तिक माहिती सरसकट वगळली आहे. त्यामुळे मतदार म्हणून तुम्हाला एखाद्या उमेदवाराचं फौजेतलं खरं-खोटं करायचं असेल तर वाट अरुंद आहे. वीरचक्र, सेना पदक असली शौर्य पदकं राजपत्रात जाहीर होतात, ती सरकारच्या शौर्य पुरस्कारांच्या पोर्टलवर नाव घालून बघता येतात. मोहिमेची पदकं, तैनातीची ठिकाणं, सोडण्याचं कारण यांसाठी उमेदवारालाच कागद दाखवा म्हणावं लागतं. तो दाखवतो की नाही, यावरून काय ते समजायचं.

मला वाटलं होतं, मामा 'नाही' कळवतील. कायद्याने तसा हक्क होता. त्यांनी माझ्याकडून उत्तर लिहून घेतलं: वैद्यकीय कागद सोडून सगळं द्यावं, माझी हरकत नाही. नंतर कळलं, अर्जदार शेजारच्या गावचा, विरोधी गटातला पोरगा. फेब्रुवारीत त्याचा फोन आला. माहिती मिळाली म्हणाला, पानामागं दोन रुपयेही भरले. मग थोडा घुटमळला आणि विचारलं, त्याला स्वतःला भरतीची तयारी करायची आहे, ग्राउंडसाठी मामा सकाळी वेळ देतील का. मामा म्हणाले, साडेपाचला ये, बूट बरे घालून ये.